देव मधात असते

काकांबरोबर डोंगरात जायचं तर सोबत काय घ्यावं, हे मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. इस्त्री केलेलं निळं कापड. वाळत घातलेल्या कपड्यांना लावायचे चिमटे. फणी. पावडरचा डबा. इस्त्रीवाल्याकडे असते तशी पाणी फवारायची बाटली. छोटी कात्री. घडीचं स्टूल. या यादीत कॅमेरा नाही, कारण कॅमेऱ्याला काका दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. तो ते स्वतः, आठवणीने घेत. म्हणजे विसरत. एकदा सोनाळ्यापर्यंत जाऊन आम्ही परत आलेलो आहोत, आणि परत येताना "तुमी यादी करता ना सिस्टर, मंग यादीत काऊन नव्हता?" हे मी ऐकून घेतलेलं आहे.

काका म्हणजे माझे घरमालक. संग्रामपूर तालुक्यात माझी बदली झाली, आरोग्य केंद्रातल्या नर्सेसची पर्यवेक्षिका म्हणून. माझं घर साखरखेर्ड्याला, नवरा तिकडे शाळेत, म्हणून इकडे मला एकटीपुरती खोली हवी होती. काकांनी रस्त्यावरचं एक शटर वर ढकललं आणि मी आत पाहिलं तर समोरच्या अख्ख्या भिंतीवर धबधबा. रंगवलेला. मागे बर्फाचे डोंगर, पुढे गुलाबी-जांभळी फुलं, कडेला एक हरीण, पोपडा निघाल्यामुळे एका डोळ्याने आंधळं. तो त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मोबाइल आले, गिऱ्हाईक गेलं, आणि काकांनी स्टुडिओ भाड्याने द्यायला काढला.

"भिंत रंगवाची नाही," त्यांनी पहिलीच अट घातली. "तालुक्यातल्या अर्ध्या पोरी या धबधब्यापुढं उभ्या राहून पसंत झाल्या हायेत."

मी त्या धबधब्यापुढे गॅस ठेवला, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. फोडणीचे शिंतोडे हरणावर उडत. दर रविवारी सकाळी काका ओलं फडकं घेऊन येत, हरीण पुसत, फुलं पुसत, आणि जाताना मला सांगत, "मोहरी जरा दमानं टाकत जा."

आयुष्यभर त्यांनी लग्नांचे आणि पासपोर्टचे फोटो काढले. लग्नसराई फाल्गुनात तापते आणि वैशाख-ज्येष्ठापर्यंत उतरत नाही. त्यामुळे सातपुडा हाकेच्या अंतरावर असून काकांनी फुललेला पळस कधी धड पाहिला नव्हता. पाहिला तो वरातीच्या गाडीतून. स्टुडिओ बंद झाल्यावर मात्र त्यांनी ठरवलं की आता दर वसंतात डोंगर, धबधबे आणि रानफुलं यांचे फोटो काढायचे. ठरवलं त्यांनी आणि वाहिलं मी. माझ्या आधीच्या भाडेकरूने, बँकेतल्या एका मुलाने, म्हणे याच कारणावरून खोली सोडली होती.

काकू कधीच सोबत आल्या नाहीत. मी एकदा आग्रह केला तर त्या म्हणाल्या, "बाई, आमच्या लग्नाचे फोटो यायनंच काढले. एकाही फोटोत नवरदेव नाही."

वसंतात धबधबा कसा असेल? श्रावणात जाऊ, असं मी पहिल्या वर्षी शहाण्यासारखं सुचवलं. काका म्हणाले, "पावसाळ्यात लेन्सले बुरशी लागते." झालं. म्हणून आम्ही फाल्गुनात धबधबे पाहायला जायचो. फाल्गुनातला धबधबा म्हणजे काळ्या कड्यावरून उतरलेली ओल. काका तिच्यासमोर स्टूल टाकून बसत, बराच वेळ बघत, आणि म्हणत, "आपल्या भिंतीवरच्याले पाणी जास्त हाय."

फुलांचं आणखी वेगळं. रानातल्या फुलामागे रान असतं, हे त्यांना चालत नसे. "मागं गर्दी असली की चेहरा मरते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून निळं कापड. धायटीची लाल फुलांनी लगडलेली फांदी असो की जमिनीलगत पसरलेली भुईरिंगणी, मी त्यामागे निळं कापड ताणून धरायचं. भुईरिंगणीला अंगभर काटे असतात आणि ती वीतभरसुद्धा उंच नसते, तेव्हा कापड धरणाऱ्या बाईने कोणत्या आसनात बसायचं ते आपण कल्पून घ्यावं. मग फवारणी. मग आजूबाजूच्या गवताला फणी. हो, गवताला फणी. गवताचा भांग पडला की काका डोळा कॅमेऱ्याला लावत आणि फुलाला विचारत, "रेडी?"

पावडरचं मी आधी कोणाला सांगत नसे, कारण कोणी विश्वास ठेवला नसता. ओला खडक उन्हात चमकतो. नवरीचं कपाळ चमकलं की काका पावडरचा हात फिरवत. तोच न्याय त्यांनी सातपुड्याला लावला. "सिस्टर, त्या कड्याले जरा पावडर लावा, लय चमकून राह्यला." मी लावली नाही. ते स्वतः चढून लावून आले. घसरले, गुडघा फोडून घेतला, आणि माझ्याकडच्या पट्टीने गुडघा बांधून घेताना म्हणाले, "आता कसा मॅट दिसते."

ते फोटोतला डाग मात्र कधी सोडत नसत. देवीचे व्रण, भाजल्याच्या खुणा, वांग, तीळ, सगळं पुसत. पूर्वी निगेटिव्हवर बारीक ब्रशने, मग संगणकावर. त्यांचं म्हणणं असं, की माणूस जसा दिसतो तसा फोटो कोणाला नको असतो, आपण दिसतो असं त्याला वाटतं तसा हवा असतो. माझ्या ओळखपत्रासाठी त्यांनी माझा फोटो काढला, फुकट, मोठ्या मायेने. माझ्या हनुवटीवर ठसठशीत तीळ आहे. सेवापुस्तकात 'ओळखीची खूण' म्हणून तोच लिहिलेला आहे. फोटोतून काकांनी तो नाहीसा केला. प्रशिक्षणाला गेले तर दारावरचा माणूस एकदा कागद पाहतो, एकदा फोटो पाहतो, एकदा मला. "मॅडम, खूण कुठाय?" घरी येऊन मी काकांना बोलले. चांगलीच बोलले. ते शांतपणे म्हणाले, "तिळाबिगर तुमी किती चांगल्या दिसता, हे त्या मानसाच्या ध्यानात नाही आलं?"

अशा माणसावर रागावून बसणं म्हणजे भिंतीवरच्या हरणाला गवत घालणं.

एका वर्षी मात्र गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नाही.

माझ्या हाताखाली एक नवी नर्स आली होती. कामाला चोख, शब्दाला सौम्य. तिचं गाव मूळचं वर डोंगरातलं, अभयारण्याच्या आतलं. गाव उठून खाली सपाटीवर नव्या वस्तीत आलं, त्याला काही वर्षं झाली होती. तिचं लग्न वैशाखात ठरलं. एक दिवस लसीचे डबे भरता भरता ती म्हणाली, "मॅडम, खाली सगळं आहे. नळ आहे, रस्ता आहे, मी शिकले ते इथं आलो म्हणूनच. फक्त आजीचा देव वर राहिला."

त्यांच्याकडची रीत अशी. लग्नघरात हळद दळली की तिचं पहिलं बोट वरच्या धबधब्याखालच्या देवाला लागायचं, मग नवरीला. आणि तेही कोणीही लावून चालत नाही, घरातल्या थोरल्या बाईच्याच हाताने. थोरली बाई म्हणजे ही आजी. तिचे दोन्ही गुडघे गेलेले, ती आता ओट्यावरून अंगणात उतरते तीसुद्धा बसून. देवाला खाली आणावं तर, "देव हलवत नसतात." नुसती बाटलीत हळद देऊन कोणाला वर पाठवावं तर, "हात माहा पाह्यजे." आजीने स्वतःच तोड काढली होती. "मेलेल्या मानसाचा फोटो चालते. त्याले हार घालता, त्याच्या पाया पडता. मंग जित्या देवाचा फोटो काऊन नाही चालत?" असा फोटो, मोठा, आजीला दिसेल एवढा, हळदीच्या आधी घरात हवा होता. नाहीतर आजी नातीला हळद लावणार नव्हती, आणि आजीने लावली नाही तर घरातली दुसरी कोणी बाई पुढे होणार नव्हती.

मी म्हटलं, वनरक्षकाला सांगू, मोबाइलवर काढेल, मोठा करून घेऊ. सरळ काम होतं. पण ते मी काकांच्या ओट्यावर बसून बोलले, ही चूक झाली.

"लग्नघरातला फोटो, अन् मोबाइलवर?" काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "मी मेलो काय?"

परवानगी काढली, दिवस ठरवला, सोबत वनरक्षक मिळाला. तो नुकताच जालन्याकडून बदलून आलेला, त्याला डोंगर नवा. नर्सला त्या दिवशी ड्यूटी होती. तिने मला सांगितलं होतं: धबधब्याखाली देव आहे, शेंदूर लावलेला. एवढंच. तिने तो शेवटचा पाहिला तेव्हा ती लहान होती.

सकाळ पळसाने खाल्ली. डोंगराच्या उतारावर पळस असा फुलला होता की मीसुद्धा क्षणभर हातातली पिशवी खाली ठेवली. पण काकांना एकेका झाडाचा समोरून, खांद्यापर्यंत, पासपोर्टसारखा फोटो हवा होता. एका काटेसावरीपुढे त्यांनी माझ्याकडून दोन फांद्या बाजूला बांधून घेतल्या, कारण "खांदे सारखे नाहीत." वनरक्षक आधी हसला, मग कंटाळला, मग सावलीत जाऊन मोबाइल पाहत बसला. मी घड्याळ दाखवत होते. काका घड्याळाकडे पाहून म्हणत होते, "चांगलं हाय, कुठून घेतलं?"

धबधब्याशी पोचलो तेव्हा ऊन कड्यावर चढलं होतं. पाण्याची एक बारीक धार, खाली एक डोह, आणि डोहाच्या बरोबर मध्ये एक गोल, गुळगुळीत, देखणा दगड. कोणीतरी घडवल्यासारखा. काकांचा चेहरा उजळला.

"हा घ्या देव."

"काका, शेंदूर कुठे आहे?"

"पाण्यानं धुतला असंन."

मी इकडे-तिकडे पाहिलं. कड्याच्या बुडाशी उजवीकडे एक कपार होती, आणि तिच्या तोंडाशी खडकावर लाल-काळपट ओघळ आला होता. "काका, तो बघा. देव तिथे असेल."

"ती पिचकारी हाय कोणाची तरी. लोकायले कुठी थुकावं समजत नाही."

"अहो, इथे कोण पान खाऊन येतंय?"

"सिस्टर," काका फार समजूतदारपणे म्हणाले, "मी चाळीस साल ग्रुप फोटो काढले. ज्याचा मान असते तो मधात असते. नवरदेव मधात, हेडमास्तर मधात, सरपंच मधात. देव कोपऱ्यात असते का? देव मधात असते."

वनरक्षक खालून ओरडत होता की निघायला हवं. मी डोहाच्या काठचा पाचोळा झाडला, गवताला फणी फिरली, आणि काकांनी मधल्या दगडाला विचारलं, "रेडी?"

फोटो अप्रतिम आला, हे मान्य केलं पाहिजे. वरून धार, मध्ये दगड, दोन्ही अंगांना सारखा अंधार. उजवीकडची 'पिचकारी' काकांनी घरी बसून इतक्या सफाईने पुसली की तिथे कधी काही होतं असं वाटू नये. मोठी प्रिंट, लाकडी फ्रेम, काच, यात महिना गेला. काकू म्हणाल्या, "लग्नातले फोटो असे काढले असते तर दुकान चाललं असतं." काकांच्या जुन्या व्हॅनच्या मागच्या सीटवर माझ्या चादरीत गुंडाळून आम्ही तो वस्तीवर नेला.

आजी ओट्यावर पाय पसरून बसली होती. आजूबाजूच्या बाया जमल्या. आजीने फोटो मांडीवर घेतला, डोळ्यांपाशी नेला, लांब धरला.

"पाणी आमचंच हाय," ती म्हणाली. बाया सरकून पुढे आल्या. आजीचं बोट काचेवरून फिरत खाली आलं. "अन् हा धुन्याचा गोटा. व माय! केवढा गोरा दिसून राह्यला."

मग ती थांबली. बोट उजवीकडे गेलं, परत आलं, परत गेलं.

"देव कुठी हाय?"

काकांनी पुढे वाकून मधल्या दगडावर बोट ठेवलं. "हा काय."

बायांनी पदर तोंडाला लावले. मग एका बाईला हसू आवरेना, मग सगळ्यांना. आजी मात्र हसली नाही. "याच्यावर माह्या सासूनं पोरायची दुपटी आपटली, मी आपटली, हिच्या मायनं आपटली. याले हयद लावू?"

इथे कोणीही माणूस खाली मान घालून 'चुकलं' म्हणाला असता. काका म्हणाले, "आजी, जरा नीट पाहा."

"मी त्याच्या पायाशी सत्तर पावसाळे पाह्यले, अन् मी नीट पाहू?" आजीने फोटो उचलून त्यांच्या हातात दिला. "तिथी हाय तसं आना. माहा देव तिथी होता, तुमी कुठी टाकला?"

नर्स दाराआड उभी होती. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि आम्हाला चहा घेऊन आली.

व्हॅनमध्ये मी काकांना विचारलं, "न पुसलेला फोटो असेल ना? कपार त्यात आहे."

"पक्का फोटो झाला की कच्चा मी ठेवत नाही."

"म्हणजे?"

"डिलीट केला."

मी खिडकीबाहेर पाहत बसले. बोलायला लागले असते तर खोली सोडावी लागली असती. हळद आठवड्यावर आली होती. लसीकरणाची शिबिरं लागली होती, उन्हाने माणसं आडवी पडत होती, आणि मला परत परवानगी, परत वनरक्षक, परत एक दिवस मोकळा करायचा होता. मी मनाशी ठरवलं की या वेळी एकटी जायचं. मोबाइलवर काढायचा. विषय संपवायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सचा फोन आला. "मॅडम, तुमचे काका आमच्या ओट्यावर बसलेत. सकाळपासून."

"काय करतायत?"

"आजी त्यांना वाकायला शिकवते आहे."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. संध्याकाळी काका आले तेव्हा सगळं कळलं. त्यांनी आजीला विचारलं होतं की देव नेमका कुठे आहे, किती हातांवर, कोणत्या दिशेला. आजीला तसं सांगता येईना. ती एवढंच म्हणत राहिली, की पाण्याकडे पाठ करायची, उजवा हात कड्याला लावायचा आणि वाकायचं, कपाळ गुडघ्याला लागेल इतकं. "उभ्या मानसाले तो दिसत नाही. वाकल्याबिगर दिसतच नाही तो." काका वाकून दाखवत, आजी म्हणे, अजून. सत्तरीचा माणूस. कंबर आधीच धरलेली.

"मी एकटी जाणार आहे," मी म्हटलं.

"तुमाले वाकता येते का तितकं?"

चैत्र संपत आला होता. ज्या उतारावर पळस पेटला होता तिथे आता सगळं राखाडी. धायटी वाळलेली, गवत करपलेलं. काकांनी वाटेत एकदाही व्हॅन थांबवली नाही. निळं कापड मी मुद्दाम पिशवीत घातलं होतं, वाद नको म्हणून. ते गाडीतच राहिलं. धबधब्याची धार तुटली होती, कड्यावर नुसती काळी ओल होती. डोह आटून धुण्याचा गोटा उघडा पडला होता, बुडाशी शेवाळ वाळलेलं. देव म्हणून याला आपण काय पाहिलं होतं, मला कळेना.

काकांनी पाण्याकडे, म्हणजे जिथे पाणी असायचं तिकडे, पाठ केली. उजवा हात कड्याला लावला. वाकले. आणखी वाकले. मग सरळ गुडघ्यांवर आले आणि मग पोटावर. कपारीत डोकं घालून बराच वेळ तसेच पडून राहिले. मला वाटलं ऊन लागलं. मी बाटली घेऊन धावले.

"काका!"

"हाय," आतून आवाज आला. "हाय बाप्पा. इथीच हाय."

मीही वाकून पाहिलं. कपारीच्या आत तळहाताएवढा दगड. शेंदराचे थरावर थर चढून नाक-डोळे कधीच बुजलेले. भोवती काचेच्या बांगड्यांचे तुकडे, एक वाळलेली पत्रावळ, आणि किती लग्नांची हळद कोणास ठाऊक, खडकात शिरून काळपट झालेली. शेंदराचा आणि तिचाच तो लाल-काळपट ओघळ बाहेर आला होता.

देवाच्या डोक्यावर एक सुकलं पान पडलं होतं. मी ते काढायला हात घातला.

"राहू द्या, सिस्टर."

पुढचा वेळ मी उन्हात बसून काढला. काका पोटावरच होते. आत अंधार, फ्लॅश मारायचा नाही म्हणाले, डोळे दिपतील. कोणाचे, ते मी विचारलं नाही. ऊन कपारीत सरकायची वाट पाहायची होती. मी म्हटलं, एक काढून ठेवा. ते म्हणाले, येते, येते. वनरक्षकाने दोनदा शिट्टी मारली. ऊन आलं, एक बोटभर आत सरकलं, आणि मी "रेडी?" ऐकायला कान टवकारले. काकांनी काही विचारलं नाही. नुसता खटका वाजला.

फोटो वाईट होता. अंधारा, तिरका, देव एका कोपऱ्यात, डोक्यावर पान, पुढे बांगड्यांचा कचरा. काकांनी तो संगणकावर उघडला, बघितला आणि तसाच छापायला पाठवला.

हळदीच्या सकाळी आम्ही तो घेऊन गेलो. अंगणात मांडव, चौरंगावर नर्स हात उघडे टाकून बसलेली, डफडं वाजत होतं. आजीला दोघींनी धरून पाटावर बसवलं. समोर दुसऱ्या पाटावर, भिंतीला टेकवून फोटो ठेवला. आजीने पाहिलं. या वेळी तिने तो जवळ नेला नाही की लांब धरला नाही. बसल्या जागी ती जेवढं वाकता येईल तेवढं वाकली, आणि मागच्या बायाही वाकल्या.

मग तिने हळदीत बोटं बुडवली, हात पुढे नेला आणि थांबली.

"काच काढा."

"आजी, काच राहू द्या," काका म्हणाले. "प्रिंट वल्ली झाली की शाई सुटते. खराब होईन."

"मंग हयद काचीले लावू? काचीचं लगन हाय का?"

बाया हसल्या. डफडं थांबलं. सगळं अंगण फोटोकडे बघत होतं आणि आजीच्या बोटांवरून हळद पाटावर ठिपकत होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं. कधी नव्हे ते, मला त्यांना काही सांगायचंच नव्हतं. त्यांनी फ्रेम उलटी केली, मागच्या खिळ्या नखांनी वाकवल्या, पुठ्ठा काढला, काच काढली, फोटो मोकळा केला. मोकळा फोटो भिंतीला टेकून राहीना, गुंडाळी व्हायला लागला. मग काकांनीच खाली बसून तो दोन्ही हातांनी ताणून आजीपुढे धरला.

आजीने पाची बोटांनी लावली. भरपूर. शेंदराचा लाल आणि हळदीचा पिवळा एकमेकांत उतरले, बांगड्यांचे तुकडे दिसेनासे झाले, कोपऱ्यातला देव ओघळून मध्यापर्यंत आला. मग ती नातीकडे वळली, तिच्या गालाला हात लावला, आणि बायांनी गाणं उचललं.

डफडं पुन्हा सुरू झालं. एकेक बाई वाटी घेऊन चौरंगाकडे गेली. फोटो कुठे ठेवायचा हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि हळद लागलेला देव जमिनीवर ठेवायचा नाही एवढं काकांना कळत होतं. ते तसेच बसून राहिले, हात पुढे. रंग फोटोच्या कडेवरून त्यांच्या मनगटांवर आला. मी जवळ जाऊन म्हटलं, "काका, द्या इकडे, मी धरते."

"नको सिस्टर. हलंन."

मग मी त्यांच्या बाह्या तेवढ्या कोपरापर्यंत दुमडून दिल्या.